इच्छास्वातंत्र्य

इच्छास्वातंत्र्य : माणसाची कृती त्याच्या हाती असते की आधीच ठरलेली असते, या वादाच्या केंद्रस्थानी असलेली तत्त्वज्ञानातील संकल्पना. तिला संकल्पस्वातंत्र्य असेही म्हणतात. असे स्वातंत्र्य आहे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण ‘इच्छा स्वतंत्र आहे’ या विधानाला मुळात काही अर्थ आहे काय, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

मानवी आकलनावरील 1690 च्या ग्रंथात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने तसा अर्थ नाही असे म्हटले. इच्छा ही माणसाची एक शक्ती आणि स्वातंत्र्य ही दुसरी. तेव्हा इच्छा स्वतंत्र आहे का असे विचारणे हे झोप वेगवान आहे का, किंवा सद्गुण चौकोनी आहे का, असे विचारण्यासारखे आहे. स्वतंत्र असलाच तर माणूस असेल, इच्छा नव्हे. लॉकचे उदाहरण प्रसिद्ध आहे : झोपेत असताना एखाद्याला खोलीत आणून ठेवले, बाहेरून कुलूप लावले आणि आत त्याच्या आवडीची व्यक्ती असली, तर तो खुशीने थांबेल, पण जाण्यास मोकळा असणार नाही.

ठाण्यात हे उदाहरण रोज घडते. संध्याकाळी कल्याणकडे जाणाऱ्या जलद लोकलच्या दारातील प्रवाशांना ठाणे स्थानकात उतरणाऱ्यांचा लोंढा फलाटावर आणून सोडतो. त्यांतल्या एकाला ठाण्यालाच उतरायचे असते, दुसऱ्याला डोंबिवलीला जायचे असते. धक्का एकच, तरी पहिला ‘उतरलो’ म्हणतो आणि दुसरा ‘मला उतरवले’ म्हणतो. मराठी क्रियापद हा फरक अचूक टिपते. पहिल्याला आत थांबता आले असते का, याची मात्र ते चौकशी करत नाही.

प्रत्येक घटना आधीच्या कारणांनी ठरलेली असते असे मानणाऱ्या नियतत्ववादाचा आक्षेप नेमका तेथे आहे. विश्वाची आजची संपूर्ण स्थिती आणि निसर्गनियम ज्ञात असलेल्या बुद्धीला पुढचे सर्व काही दिसेल, असे फ्रेंच गणितज्ञ लाप्लास याने 1814 मध्ये मांडले. यावर स्वातंत्र्य म्हणजे कारणाचा अभाव, असे उत्तर दिले तर ते अंगाशी येते, कारण विनाकारण हललेला हात हा झटका ठरतो, कृती नव्हे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने 1748 मध्ये स्वातंत्र्याच्या विरुद्ध टोकाला कारण नसून जबरदस्ती असते, असे सांगून वाट काढली. मात्र भूतकाळ आणि निसर्गनियम आपल्या हाती नसतील तर त्यांचे परिणाम असलेल्या आपल्या कृती तरी कशा असतील, हा अमेरिकन तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवेगन याचा 1983 मधील युक्तिवाद केवळ शब्द बदलून मिटत नाही.

व्यवहारात ही संकल्पना अर्थपूर्ण ठरते ती नकारांच्या यादीने. दुय्यम निबंधकासमोर नोंदवायच्या दस्तात ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले’ असे शब्द असतात. घर पुनर्विकासाला देणारा ठाणेकर त्याखाली सही करतो, तेव्हा कार्यकारणाची साखळी तुटल्याचा दावा तो करत नाही. अमुक अमुक अडथळे नव्हते, एवढेच सांगतो. 1872 च्या करार अधिनियमाचे कलम 14 मुक्त संमतीची व्याख्या अशीच करते : बळजबरी, गैरवाजवी प्रभाव, लबाडी, चुकीचे कथन आणि चूक यांमुळे जी मिळालेली नाही, ती. भारतीय न्याय संहितेचे कलम 22 मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप न कळणाऱ्याला गुन्ह्यातून वगळते.

अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट याच्या 1983 च्या प्रयोगात मनगट हलवण्याच्या इच्छेची जाणीव होण्याआधी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत विद्युत हालचाल दिसली, आणि इच्छास्वातंत्र्य खोटे ठरले असा गवगवा झाला. वाटेल तेव्हा मनगट हलवणे हा निर्णय म्हणावा काय, हा प्रश्न त्यात बाजूला राहिला.

भारतीय परंपरेत स्वातंत्र्य इच्छेला नव्हे, कर्त्याला जोडलेले आढळते. ‘स्वतन्त्रः कर्ता’, म्हणजे जो स्वतंत्र तो कर्ता, हे पाणिनीचे सूत्र (1.4.54) व्याकरणाचे असले तरी येथे उपयोगी पडते. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (1915) कर्मविपाकाची, म्हणजे कर्माची फळे कशी भोगावी लागतात याची, चर्चा करताना इच्छा हा मनाचा धर्म, म्हणून प्रकृतीच्या, म्हणजे जड सृष्टीच्या, कक्षेतला, असे मानून स्वातंत्र्य आत्म्याकडे ठेवले. लॉक आणि टिळक एरवी कोठेही जुळत नाहीत, पण दोघेही ते इच्छेकडून काढून घेतात. गीतेच्या अठराव्या अध्यायातच ‘करिष्यस्यवशोऽपि तत्’ (18.60), म्हणजे तू परवश होऊनही ते करशीलच, असे अर्जुनाला बजावल्यावर तीन श्लोकांनी ‘यथेच्छसि तथा कुरु’, म्हणजे तुझी इच्छा असेल तसे कर, असे सांगितले आहे.