मोरपिसाची झळाळी

पाहण्याचा कोन बदलला की मोरपिसाचा रंगही पालटतो. या गुणाला रंगदीप्ती म्हणतात. पिसात निळे किंवा हिरवे रंगद्रव्य मात्र औषधालाही सापडत नाही. असते ते काळपट तपकिरी मेलॅनिन, आपले केस काळे करणारे. पीस उजेडाच्या आड धरून पाहावे: पिसावरच्या डोळ्यातला निळा विझतो आणि तपकिरी तेवढा उरतो. खलात कुटले तरी हाती तपकिरी भुकटीच येते.

पिसाच्या दांड्याला तंतू फुटतात, तंतूंना बारीक उपतंतू. खरी कारागिरी या उपतंतूंत आहे. केराटिनच्या (आपली नखे ज्याची असतात त्या प्रथिनाच्या) पातळ आवरणाखाली मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत हवा असते. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो. परतलेल्या ज्या लहरी एकमेकींना बळ देतात तो रंग झळकतो, बाकीचे मावळतात. कोणता रंग झळकणार, हे मुख्यतः कांड्यांमधल्या अंतरावर ठरते. शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत ते निळ्या भागात सुमारे १४० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), हिरव्यात १५० आणि पिवळ्यात १६५ भरले. एवढ्याशा फरकावर सगळा पिसारा उभा आहे!

मेलॅनिन इथे दोन कामे करते. जाळी त्याचीच असते, शिवाय आत शिरलेला भरकटा प्रकाश ते शोषून घेते, म्हणून झळकलेला रंग फिकटत नाही. पांढऱ्या मोराच्या पिसांत मेलॅनिन नसते. त्यामुळे त्याचा निळा-हिरवाही जातो.

मोरपीस पाण्याने भिजले की रंग नाहीसे होतात, हे इंग्रज वैज्ञानिक रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच नोंदवले होते. फटींतल्या हवेची जागा पाण्याने घेतली की थरांच्या प्रकाश वाकवण्यातला फरक घटतो आणि कमी प्रकाश परततो, हे त्याचे कारण.

पारव्याच्या मानेवरची हिरवी-जांभळी झाक याहून साध्या रचनेची आहे. तिथे केराटिनचा एकच पातळ थर पुरतो, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगासारखा. नर शिंजीर सावलीत निव्वळ काळा दिसतो आणि उन्हात वळला की जांभळा पेटतो. अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांत मेलॅनिनचे कण चपटे असून आत हवेच्या पोकळ्या असतात. खंड्याच्या पाठीचा निळाही रचनेतूनच येतो, पण तिथे केराटिनची स्पंजासारखी जाळी असते. तिची मांडणी सर्व दिशांना सारखीच असल्याने तो निळा कोनागणिक फारसा पालटत नाही.