लॉकरमधली तपकिरी बाटली: अमेरिकी बेसबॉलमधल्या उत्तेजकांची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९९८. सेंट लुईस कार्डिनल्सचा मार्क मॅग्वायर एका हंगामातल्या होमरनचा (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे जाणारा फटका) ३७ वर्षं जुना विक्रम मोडायच्या वाटेवर होता आणि त्याच्या लॉकरभोवती रोज पत्रकारांचा गराडा पडायचा. असोसिएटेड प्रेसच्या स्टीव्ह विल्स्टीन यांना वरच्या फळीवर एक तपकिरी बाटली दिसली. लपवलेली नव्हती, समोरच होती. नाव अँड्रोस्टेनेडायोन. शरीरात गेलं की त्याचं टेस्टोस्टेरॉन बनतं. ऑलिम्पिकमध्ये आणि अमेरिकी फुटबॉलमध्ये त्यावर बंदी होती. बेसबॉलमध्ये नव्हती, आणि दुकानातही ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायचं.

बातमी छापून आली आणि राग निघाला तो विल्स्टीन यांच्यावर. लॉकरमध्ये डोकावायचं कारणच काय, असं त्यांना विचारलं गेलं. मॅग्वायरनं त्या हंगामात ७० होमरन मारले, शिकागोच्या सॅमी सोसानं ६६. रॉजर मॅरिसचा १९६१ मधला ६१ चा आकडा दोघांनीही मागे टाकला. देश टीव्हीसमोर खिळून होता. पुढे जे घडलं ते समजून घ्यायचं तर आधी तो राग समजून घ्यावा लागतो.

ताकदीचं औषध शोधण्याची धडपड या खेळात फार जुनी आहे. १८८९ मध्ये पड गॅल्विन या पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूनं, प्राण्यांच्या वृषणांच्या अर्काचं इंजेक्शन घेतल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आली होती, आणि ती कौतुकाची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्या आल्या. खेळाडू त्यांना ‘ग्रीनीज’ म्हणत. सहा महिन्यांत १६२ सामने, मध्ये सतत प्रवास. त्या थकव्यावर ही गोळी हा ड्रेसिंगरूममधला उघड इलाज होता. तिची चाचणी सुरू व्हायला २००६ उजाडलं.

स्टेरॉइडचं काम वेगळं. त्यानं चेंडूवर नजर बसत नाही की टायमिंग येत नाही. पण व्यायामानं थकलेला स्नायू लवकर भरून येतो, म्हणून जास्त व्यायाम झेपतो, बॅट जास्त वेगानं फिरते. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सीमारेषेवर झेल जाणारा फटका चार हात पुढे पडला की सिक्सर होतो. होमरनचंही तसंच.

१९९० मध्ये अमेरिकी संसदेनं अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड नियंत्रित औषधांच्या यादीत टाकलं. पुढच्याच वर्षी, जून १९९१ मध्ये, बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, फे व्हिन्सेंट यांनी सगळ्या संघांना पत्रक पाठवून स्टेरॉइडला मनाई असल्याचं कळवलं. म्हणजे तेव्हा नियमच नव्हता, हा पुढे वारंवार दिलेला बचाव अर्धाच खरा आहे. नव्हती ती चाचणी. खेळाडूंच्या संघटनेशी करार केल्याशिवाय ती लावता येत नव्हती, आणि संघटनेचा मालकांवर काडीचाही विश्वास नव्हता. त्यामागे कारण होतं. ८०च्या दशकात मालकांनी संगनमत करून खेळाडूंचे भाव पाडले होते आणि ते सिद्ध झाल्यावर २८ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली होती. अशा मालकांच्या हाती आपल्या लघवीचा नमुना का द्यायचा, हा प्रश्न मला आजही गैरवाजवी वाटत नाही.

मग १९९४ चा खेळाडूंचा संप आला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका, रद्द झाली. त्याआधी असं १९०४ मध्येच घडलं होतं. प्रेक्षक संतापून पाठ फिरवून गेले. त्यांना परत आणलं ते होमरननी. म्हणून १९९८ मध्ये त्या बाटलीबद्दल कुणालाच काही विचारायचं नव्हतं: मालकांना नाही, संघटनेला नाही, कमिशनर बड सीलिग यांना नाही, आणि बहुतेक पत्रकारांनाही नाही.

यात सगळ्यात जास्त भरडले गेले ते मायनर लीगमधले, म्हणजे खालच्या पायरीवरचे, खेळाडू. त्यांना संघटना नव्हती, त्यामुळे २००१ मध्ये पहिली सक्तीची चाचणी लागली ती त्यांनाच. त्याच वर्षी वरच्या लीगमध्ये बॅरी बॉन्ड्सनं चाचणीविना ७३ होमरन मारले. जो मुलगा प्रामाणिकपणे खेळला आणि वरची एक जागा हुकल्यामुळे घरी परतला, त्याचं नाव कुठल्याही अहवालात नाही.

२००२ मध्ये केन कॅमिनिटी या खेळाडूनं ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ला सांगितलं की १९९६ चा सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्यानं स्टेरॉइड घेऊन मिळवला. दोन वर्षांनी, ४१ व्या वर्षी, तो गेला. २००३ मध्ये नाव न लावता चाचण्या झाल्या. ५ टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तरच पुढच्या वर्षीपासून शिक्षेसह चाचणी, अशी अट होती. तसे ते निघाले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या बाल्को या कंपनीवर छापा पडला. तिथे टीएचजी नावाचं, तेव्हाच्या चाचणीत न सापडणारं स्टेरॉइड मिळत होतं. एका प्रशिक्षकानं वापरलेली सिरिंज पाठवली आणि लॉस एंजेलिसच्या डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेनं तिच्यातून त्याचा छडा लावला. मार्च २००५ मध्ये संसदीय समितीसमोर राफेल पाल्मेरो या खेळाडूनं बोट रोखून आपण कधीच स्टेरॉइड घेतलं नसल्याचं शपथेवर सांगितलं. ऑगस्टमध्ये तो दोषी आढळला आणि शिक्षा झाली फक्त १० दिवसांची. त्यानंतर शिक्षा ५० सामन्यांवर गेली, २०१४ पासून ८० वर. डिसेंबर २००७ मधल्या माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या चौकशी अहवालात ८९ खेळाडूंची नावं आली. २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या बायोजेनेसिस दवाखान्याचं प्रकरण उघड झालं आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज या खेळाडूला २०१४ च्या पूर्ण हंगामाला मुकावं लागलं. मॅग्वायरनं कबुली दिली ती २०१० मध्ये.

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचे फलक लावणाऱ्या संग्रहालयात, जायला ७५ टक्के मतं लागतात, आणि मतदार असतात बेसबॉल पत्रकार. २०२२ मध्ये, शेवटच्या दहाव्या संधीलाही, बॉन्ड्सला ६६ टक्के मिळाली. सीलिग यांची निवड मात्र वेगळ्या समितीनं २०१६ मध्येच केली होती. खेळाडू बाहेर आणि कमिशनर आत, हे मला मान्य होत नाही.

बॉन्ड्सनं हँक आरनचा कारकिर्दीतल्या ७५५ होमरनचा विक्रम मोडला तो ७ ऑगस्ट २००७ ला. तो चेंडू फॅशन डिझायनर मार्क एको यांनी साडेसात लाख डॉलरला विकत घेतला आणि त्याचं काय करायचं यावर लोकांची मतं मागवली. लोकांनी सांगितल्याप्रमाणे त्यावर एक तारांकन (*) कोरलं गेलं, शंकेची खूण म्हणून. तो चेंडू कूपर्सटाउनच्या संग्रहात दाखल झाला. मारणाऱ्याचा फलक तिथे लागलेला नाही.