चार बॉक्स एकाच अँपला जोडण्याआधी

गणपती झाले की आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ॲम्प्लिफायरची रांग लागते. उघडून पाहावं तर बहुतेकांचे आउटपुट ट्रान्झिस्टर उडालेले. "आवाज तर निम्माच ठेवला होता," असं मंडळाची पोरं शपथेवर सांगतात. आम्ही विचारतो, स्पीकरचे बॉक्स किती होते आणि कसे जोडले होते?

स्पीकरच्या पाठीवर 8 ओहम लिहिलेलं असतं, ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं (रोधाचं) माप. एकच बॉक्स लावला तर अँपला 8 ओहमच दिसतात. त्याच टर्मिनलवर प्लसला प्लस, मायनसला मायनस असा दुसरा लावला, म्हणजे पॅरलल, की करंटला आणखी एक वाट मिळते आणि अँपला 4 ओहम दिसतात. असे चार लावले तर 2. सगळ्या बॉक्सच्या जागी अँपला जाणवणाऱ्या या एका आकड्याला शाळेच्या पुस्तकात परिणामी रोध म्हणतात. बॉक्स वाढले की ओहमही वाढतील असं वाटतं, गफलत तिथंच होते.

समजा आउटपुटला 20 व्होल्ट येताहेत. 8 ओहमवर अडीच अँपिअर करंट जाईल, 4 वर 5 आणि 2 वर थेट 10. अँपवर 'किमान 4 ओहम' छापलं असेल तर हे ओझं त्याला फार वेळ पेलत नाही. ब्रिज मोडमध्ये, म्हणजे अँपचे दोन चॅनेल जोडून एकच आउटपुट घेतो तेव्हा, तर मर्यादा दुप्पट होते, तिथं 8 च्या खाली उतरू नका.

चार बॉक्स हवेतच? दोन-दोन सिरीजमध्ये घ्या, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला. सिरीजमध्ये सरळ बेरीज, 16. अशा दोन जोड्या पॅरलल केल्या की पुन्हा 8. मात्र चारही बॉक्स एकसारखे हवेत. 8 आणि 4 ओहमचे बॉक्स पॅरलल लावले तर गुणाकार भागिले बेरीज, म्हणजे 32 भागिले 12, जेमतेम 2.7 ओहम! शिवाय 4 वाल्यावर दुप्पट ताण.

वायरही हिशेबात धरा. 1 चौरस मिलिमीटर तांब्याची 20 मीटर वायर जाऊन-येऊन 40 मीटर होते, तिचाच रोध सुमारे 0.7 ओहम. 2 ओहमच्या जोडणीत पाव पॉवर वायरच खाते.

मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर 6 च्या आसपास दाखवतो. तो खराब नाही, परत आणू नका. मोजताना मात्र अँपपासून सोडवून मोजा.

बॉक्सवरचे आकडे आणि अँपच्या पाठीचा फोटो घेऊन या. जोडणीचं चित्र काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही.