गॅसचा साठाही टीएमसीतच मोजतात

जुलैत पावसाने जोर धरला की कोल्हापुरात सकाळी दोन आकडे आधी बघितले जातात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर, आणि राधानगरीत पाणी किती. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. हे आकडे वाचणाऱ्याला नैसर्गिक वायूचा बाजार परका वाटू नये. अमेरिकेत वायूचा साठा अब्ज घनफुटांत सांगतात, आणि एक अब्ज घनफूट म्हणजे बरोबर आपला एक टीएमसी, हजार दशलक्ष घनफूट.

हा वायू बहुतेक करून उपसून संपलेल्या तेल-वायू क्षेत्रांच्या सच्छिद्र खडकात साठवतात; काही ठिकाणी मिठाच्या थरात पोकळ्या तयार करून. धरणाला मृतसाठा असतो तसा इथेही असतो. दाब टिकावा म्हणून बराच वायू आत ठेवावाच लागतो, वापरायला मिळतो तो त्यावरचा. साठा उतरला की दाब उतरतो आणि रोज बाहेर काढता येणारा वायूही घटतो. म्हणून साठा खाली गेलेला असताना फेब्रुवारीत आलेली थंडीची लाट फार झोंबते.

धरण पाऊस भरतो. वायूचा साठा माणसं एप्रिल ते ऑक्टोबर भरतात आणि नोव्हेंबर ते मार्च उपसतात, कारण तिकडे घरं उबदार ठेवायला वायू जाळावा लागतो. जानेवारी २०१८च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेने साठ्यातून ३५९ टीएमसी वायू काढला. राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी. (वायूचा आकडा साध्या दाबाचा, खडकात तो कितीतरी दाबून बसवलेला असतो.)

साठ्याचा नवा आकडा दर गुरुवारी जाहीर होतो, हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पण भाव नुसत्या आकड्यावर हलत नाही. याच तारखेला गेल्या वर्षी किती होतं, पाच वर्षांची सरासरी काय, हे आधी पाहतात. आपणही तेच करतो. ऑगस्टच्या मध्याला राधानगरी नव्वद टक्के भरलं तर कुणी दचकत नाही. जूनअखेर तेवढं भरलं तर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत जनावरं हलवायची बोलणी सुरू होतील. हवामानाचा अंदाज तर भावात आधीच धरलेला असतो. अंदाज चुकला की भाव उसळतो किंवा कोसळतो.

२०१२ची थंडी सौम्य गेली, साठे भरलेलेच राहिले आणि एप्रिलमध्ये लुइझियानातल्या हेन्री हबचा, म्हणजे अमेरिकेत वायूचा प्रमाण मानला जाणारा भाव दहा लाख बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं माप) दोन डॉलरच्या खाली आला. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सास गोठलं. मागणी वाढली तेव्हाच विहिरींच्या तोंडाशी बर्फ धरून उत्पादन घटलं, आणि एरवी तीन डॉलरच्या आसपास असणारा भाव काही दिवसांसाठी तेवीसच्या वर गेला. गारठलेलं घर भाव वाढला म्हणून हीटर बंद करत नाही, त्यामुळे थोड्या तुटवड्यालाही भाव एवढा चढतो.

याची झळ आपल्यापर्यंत येते. भारत जवळपास निम्मा वायू आयात करतो, उणे १६२ अंशांना द्रवरूप करून, जहाजाने. जपान-कोरियात कडाका पडला किंवा युरोप साठे भरायला धावला की खुल्या बाजारातली जहाजं जास्त भाव देणाऱ्याकडे वळतात. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी वाहिनी आपल्या जिल्ह्यातून जाते खरी, पण तिच्यामागे तिकडच्यासारखे जमिनीखालचे मोठे साठे नाहीत.

घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला स्वस्त देशी वायू आधी मिळतो, म्हणून तिथे झळ मंद लागते. कारखान्यांना ती थेट लागते. २०२२मध्ये युरोपातला भाव गगनाला भिडला तेव्हा गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्स कारखान्यांपैकी अनेकांनी महाग वायू सोडून प्रोपेन हे दुसरं इंधन धरलं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुणी भट्टी वायूवर न्यायचा विचार करत असेल, तर मी म्हणेन, आधी मोरबीला जाऊन या, आणि करारात दर कशाला बांधलाय ते विचारा.