देवाचे लेकरू (ख्रिस्ती संकल्पना)

माणसाची खरी ओळख त्याच्या कुळावरून, कर्तृत्वावरून किंवा लौकिकावरून ठरत नाही. येशू ख्रिस्तामुळे देवाने त्याला आपले मूल म्हणून स्वीकारले आहे, यावरून ती ठरते, असे मानणारी ख्रिस्ती धर्मातील संकल्पना. बायबलच्या मराठी भाषांतरांत तिच्यासाठी ‘देवाची मुले’, ‘देवाचे पुत्र’, ‘दत्तकपण’ असे शब्द येतात. मराठी मंडळ्यांतल्या (चर्चमधील श्रद्धावंतांच्या समुदायांतल्या) प्रार्थनांमध्ये मात्र ‘देवाचे लेकरू’ हेच अधिक ऐकू येते. पापक्षमा, बाप्तिस्मा, वारसा, मरणोत्तर आशा आणि मंडळीतले बंधुत्व या सगळ्यांशी ही संकल्पना जोडलेली आहे. धर्मशास्त्रज्ञांनी तिला स्वतंत्र प्रकरण दिले ते फार उशिरा. सामान्य श्रद्धावंत तिच्यावर आधीपासूनच जगत आले.

जुन्या करारात पुत्र म्हणवून घेण्याचा मान एकेकट्या माणसापेक्षा लोकसमूहाला मिळतो. मोशेने फारोला द्यायचा निरोप असा, की इस्राएल हा परमेश्वराचा ज्येष्ठ पुत्र आहे, त्याला जाऊ दे (निर्गम ४). होशेय संदेष्ट्याच्या तोंडी देव आपण या लेकराला कसे चालायला शिकवले ते आठवतो आणि ते दूर गेल्याचे दुःख सांगतो. दावीदाच्या वंशातील राजालाही पुत्र म्हटले आहे. आईबापांनी टाकले तरी परमेश्वर जवळ करील, हा व्यक्तिगत सूर स्तोत्रांत सापडतो (स्तोत्र २७), पण देवाला थेट ‘बापा’ अशी हाक मारणे तेथे विरळच.

नव्या करारात ती हाक मध्यभागी येते. गेथशेमाने बागेत अटकेपूर्वी येशू ‘अब्बा’ या अरामी शब्दाने प्रार्थना करतो आणि शिष्यांनाही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असे म्हणायला शिकवतो. ही प्रार्थना एकवचनी नाही. एकांतात, दार लावून म्हटली तरी ती ‘आमच्या’ पित्याला उद्देशून असते. म्हणजे देवाचे लेकरू होणाऱ्याला न मागता भावंडेही मिळतात. आजच्या भक्तिपर लेखनात ‘माझी ओळख’ या विषयाला जे एकट्या मनाचे वळण लागले आहे, त्यात ही बाजू सहसा हरवते.

या संकल्पनेचे सर्वांत परिचित कथारूप म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५). वाटणी उडवून, डुकरे राखून परतणारा धाकटा मुलगा वाटेत भाषण जुळवतो: आपला पुत्र म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला मोलकऱ्यासारखे ठेवा. प्रत्यक्षात मोलकऱ्याचे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. त्याआधीच बाप झगा, अंगठी आणि पायतण आणायला सांगतो. थोरल्याची तक्रार याहून सूचक आहे. इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली, असे तो म्हणतो. एक चुकलेला, दुसरा शिस्तीचा. पण घरातली आपली जागा दोघेही कामाच्या हिशेबाने मोजतात. प्रवचनकार धाकट्यावर रेंगाळतात. ओळखीचा प्रश्न मात्र थोरल्याच्या ठायी अधिक बिकट आहे, कारण तो घरात राहूनही चाकरच उरला आहे. दाखला त्याला अंगणात उभा ठेवूनच संपतो; तो आत गेला का, हे सांगत नाही.

या संकल्पनेला कायद्याचा कणा दिला तो नव्या करारातील पत्रांचा लेखक प्रेषित पौल याने. गलती, रोम आणि इफिस येथील मंडळ्यांच्या नावे असलेल्या पत्रांत दत्तकाची भाषा येते. आज दत्तक म्हटले की पाळण्यातले अनाथ मूल डोळ्यांपुढे येते. रोमन उच्चवर्गात मात्र बहुधा प्रौढ पुरुष दत्तक घेतला जाई, आणि हेतू असे वारसाचा. दत्तक गेलेला जन्मदात्या घराच्या सत्तेतून सुटे आणि नव्या बापाचे नाव, कुलदैवते व मालमत्ता यांचा अधिकारी होई. ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्राने इ.स.पू. ४४ मध्ये ऑक्टेव्हियन त्याचा पुत्र ठरला आणि पुढे पहिला सम्राट झाला. क्लॉडियसने इ.स. ५० मध्ये पोटचा मुलगा असतानाही नीरोला दत्तक घेतले. पौलाचे रोमकरांस पत्र नीरोच्याच कारकिर्दीतले, म्हणजे दत्तकाने माणूस कुठल्या कुठे जातो याचे उदाहरण त्या वाचकांच्या समोर सिंहासनावर बसलेले होते. दत्तकावरून सातारची गादी १८४८ मध्ये खालसा झालेली ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकालाही या शब्दातला वारसाहक्काचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पौलाचा युक्तिवाद थोडक्यात असा: तुम्हाला पुन्हा भीती उत्पन्न करणारा दास्याचा आत्मा मिळालेला नाही, ‘अब्बा’ अशी हाक मारायला लावणारा दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे. पुत्र असाल तर वारीसही आहात, ख्रिस्ताबरोबरचे वारीस (रोम ८). पण त्याच वाक्यात ख्रिस्ताबरोबर दुःख सोसण्याची अट येते आणि पुढे हे दत्तकपण अजून पूर्णत्वाला जायचे आहे, असेही तो म्हणतो. म्हणजे ओळख मिळालेली आहे, तरी तिचा पुरता ताबा यायचा आहे. गलतीकरांना तो सांगतो की ख्रिस्तावरील विश्वासाने तुम्ही सर्व देवाचे पुत्र आहात. यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरलेला नाही. स्त्रियांना ‘पुत्रां’त गणणे आज खटकते. ज्या काळी वारसा प्रामुख्याने मुलांकडे जाई, त्या काळी मात्र त्याचा अर्थ गुलाम आणि स्त्रिया यांनाही पूर्ण वाटा, असा होता.

योहानाच्या लेखनात दत्तकाऐवजी जन्माची भाषा आहे: ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार मिळाला आणि ती रक्ताने नव्हे, देवापासून जन्मली. पुढच्या परंपरेने दोन्ही रूपके एकत्र नांदवली.

सिद्धांताच्या पातळीवर कळीचा प्रश्न होता, येशूचे पुत्रत्व आणि भक्ताचे पुत्रत्व यांतील फरकाचा. निकेया येथील धर्मसभेने (३२५) ख्रिस्त हा निर्माण केलेला नसून पित्यापासून जन्मलेला, पित्याच्याच सत्त्वाचा पुत्र आहे, असे ठरवले. माणूस पुत्र होतो तो कृपेने. ख्रिस्त मनुष्य म्हणून देवाचा दत्तक पुत्र होता, हे टोलेडोचा एलिपांडुस आणि उर्हेलचा फेलिक्स यांचे मत ७९४ मध्ये फ्रँकफुर्टच्या सभेने धिक्कारले. पूर्वेकडील चर्चने चौथ्या शतकातील धर्माचार्य अथानासियसच्या वाटेने जाऊन या पुत्रत्वाचा अर्थ मानवाने दैवी जीवनात सहभागी होणे असा लावला. रोमन कॅथलिक परंपरेत ते बाप्तिस्म्याशी घट्ट बांधलेले आहे. ट्रेंटच्या सभेने १५४७ मध्ये माणूस देवापुढे नीतिमान ठरवला जाण्याची व्याख्याच आदामाच्या लेकराचे देवाच्या दत्तक लेकरात होणारे स्थित्यंतर अशी केली. प्रॉटेस्टंटांमध्ये वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धाघोषणेने (१६४६) दत्तकपणाला स्वतंत्र, पण अगदी छोटे प्रकरण दिले.

‘मी देवाचे लेकरू आहे हे मला कळणार कसे?’ हा प्रश्न अठराव्या शतकात जॉन वेस्लीने ऐरणीवर आणला. तो अभिषिक्त पाळक होता, जॉर्जियात मिशनरी म्हणून जाऊन आला होता, तरी मनाला खात्री नव्हती. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत ती आली, असे त्याने नोंदवले आहे. पुढे त्याने दासाची श्रद्धा आणि पुत्राची श्रद्धा असा भेद केला, आणि दासालाही देवाने नाकारलेले नसते, अशी जोडही वयोमानाने दिली. फ्रान्समधील लिझ्यूची तेरेझा (१८७३–१८९७) हिने हीच गोष्ट उलट्या टोकाने जगून दाखवली: मोठे होण्याचा आग्रहच सोडायचा आणि लहान मुलासारखे उचलून घेतले जायचे. चोविसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या या जोगिणीला १९९७ मध्ये चर्चची आचार्या म्हणून मान्यता मिळाली. हिटलरच्या तुरुंगातील जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफरने १९४४ मध्ये ‘मी कोण?’ हा प्रश्न एका कवितेत विचारला. पहारेकऱ्यांना दिसणारा धीरोदात्त माणूस खरा की आत तडफडणारा, याचा निवाडा त्याने केला नाही. मी कोणीही असलो तरी देवा, तुझा आहे, एवढेच तो लिहितो. आत्मशोधातून उत्तर सापडत नसताना ओळख दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचे इतके प्रामाणिक उदाहरण क्वचित मिळेल.

आक्षेपही आहेत, आणि ते सगळेच बाहेरून आलेले नाहीत. देवाला पिता म्हटल्याने पुरुषसत्तेला दैवी मुलामा मिळतो, अशी टीका अमेरिकेतील स्त्रीवादी धर्मचिंतक मेरी डेली यांनी १९७० च्या दशकात केली. ज्याचा स्वतःचा बाप मारकुटा किंवा बेपत्ता, त्याला या शब्दातून दिलासा मिळेलच असे नाही. अनुभवी पाळक हे जाणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून इव्हँजेलिकल (बायबल आणि व्यक्तिगत परिवर्तनावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) वर्तुळात ‘ख्रिस्तामध्ये मी कोण आहे’ अशा वचनांच्या याद्या रोज मोठ्याने म्हणण्याची पद्धत रुळली आहे. खचलेल्या माणसाला तिचा आधार होतो. पण तिच्यात पौलाची दुःखाची अट गळून आत्मविश्वास तेवढा उरण्याचा धोका असतो.

दुसरा वाद व्याप्तीचा. सर्व माणसे देवाची लेकरे, की विश्वास ठेवणारीच? पौलाने अथेन्समध्ये ग्रीक कवीचा दाखला देऊन आपण सारे देवाचे वंशज आहोत, असे म्हटल्याचे प्रेषितांची कृत्ये सांगतात. योहान मात्र ‘स्वीकार करणारे’ असा निकष ठेवतो. एकोणिसाव्या शतकात उदारमतवादी धर्मचिंतकांनी पहिली बाजू उचलली. महाराष्ट्रात तिचा पडसाद चर्चबाहेर उमटला. प्रार्थनासमाजाच्या (१८६७) तत्त्वांत सर्व माणसे एका परमेश्वराची लेकरे असल्याचे सांगितले आहे आणि सत्यशोधक समाजाच्या (१८७३) प्रतिज्ञेतही मानवमात्र एकाच देवाची लेकरे व म्हणून परस्परांची भावंडे ठरतात. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, पण मध्यस्थावाचूनचा त्यांचा निर्मिक (निर्माता देव) हा सनातनी ख्रिस्ती उत्तराहून वेगळा आहे.

महाराष्ट्रात धर्मांतर केलेल्यांच्या पहिल्या पिढ्यांसाठी ‘नवा पिता’ हे केवळ रूपक राहिले नाही. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा वडील न्यायालयात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात देण्यात आला. मग प्रश्न आला, मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जात परत घेणार का? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष पत्करला. हा मुलगा कोणाचा, याचे उत्तर बाप, न्यायालय, मिशन आणि जात यांनी आपापल्या परीने दिले. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क जाऊ नये, यासाठी सरकारला १८५० चा २१ वा कायदा करावा लागला. रोमकरांस पत्रातला ‘वारीस’ येथे दिवाणी कोर्टात उभा होता.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी नंतर लिहिले. आतली खात्री काही वर्षांनी आली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या निराधार मुलींना आधी भाकरी, वस्त्र आणि शिक्षण मिळे. देवाचे लेकरू असण्याची गोष्ट तेथे घर मिळण्यापासून सुरू होत होती.

नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. जनाबाईच्या लेकुरवाळ्या विठोबाला ओळखणाऱ्या मनाला ती हाक परकी वाटण्याचे कारण नव्हते. देव केवळ पिताच का, हा पुढे स्त्रीवाद्यांनी विचारलेला प्रश्न मराठी भक्तीने तंटा न करता असा बाजूला सारला होता. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली.

नगर-जालना भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले. गलतीकरांना लिहिलेले भेद मिटवणारे वाक्य त्यांनी शब्दशः घेतले; जात मात्र मंडळीच्या दारात थांबली नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाची कक्षा पुढे शीख (१९५६) आणि बौद्ध (१९९०) दलितांपर्यंत वाढवण्यात आली, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या दलित ईशविद्येचा (दलितांच्या अनुभवातून मांडलेल्या ख्रिस्ती धर्मचिंतनाचा) आग्रह असा, की देवाची लेकरे म्हणवून घेताना आपले दलितपण पुसू नये. आपण कोणाच्या पोटी जन्मलो याची कबुली हाच श्रद्धेच्या कबुलीचा आरंभ व्हावा.

दत्तकपणाला इतके महत्त्व देणाऱ्या या समाजाला भारतात दत्तकाचा स्वतःचा कायदा नाही, हाही एक योगायोगच. १९५६ चा दत्तकविधान कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता आहे. ख्रिस्ती दांपत्यांना दीर्घकाळ १८९० च्या पालकत्वविषयक कायद्याखाली मुलाचे ‘पालक’ तेवढे होता येई, कायद्याने आईबाप नाही. मूल सज्ञान झाले की तेही नाते कागदावरून संपे. बालन्याय कायद्याने, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीने आणि नंतर २०१५ च्या नव्या कायद्याने, सर्व धर्मीयांना पूर्ण दत्तकाची वाट मोकळी करून दिली.