दातांवरून ओळखले गेलेले कुळ : सेराटोडोंटिडी

सोलापूर परिसरात विहीर खणताना मुरूम संपला की काळा कातळ लागतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सेराटोडोंटिडी हे फुप्फुसमाशांचे नामशेष कुळ त्याच्या कितीतरी आधीपासून भारतात नांदत होते. त्यामुळे त्याचे जुने अवशेष पाहायचे तर लाव्ह्याच्या आच्छादनाबाहेर, पूर्वेकडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मालेरीच्या तांबड्या चिकणमातीच्या थरांकडे जावे लागते. हे थर ट्रायासिक कल्पातले, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

या माशांचा सांगाडा बराचसा कूर्चेचा असल्याने तो सहसा टिकत नाही. टिकतात ते कोंबड्याच्या तुऱ्यासारखे कंगोरे असलेले दातांचे जाड पत्रे. युरोपात असे दात मिळाले तेव्हा लुई अगासी यांनी १८३०च्या दशकात त्यांना सेराटोडस, म्हणजे शिंगदंती, असे नाव दिले आणि हा प्राणी शार्कच्या नात्यातला मानला. नुसते दात हाती असताना ही चूक क्षम्यच म्हणावी लागेल.

मालेरीच्या दातांचा संबंध नागपूरशी आहे. १८४५ मध्ये तेथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना भूशास्त्राचा नाद होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये या दातांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि एका जातीला हिस्लॉप यांचे नाव दिले.

उलगडा झाला तो १८७० मध्ये. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या नद्यांतील एक मोठा मासा सिडनीच्या संग्रहालयातील गेरार्ड क्रेफ्ट यांच्यासमोर आला, आणि त्याचा जबडा उघडताच तेच कंगोरेदार पत्रे दिसले. हा मासा मांसल परांचा, गरज पडल्यास फुप्फुसाने श्वास घेणारा, म्हणजे शार्कपेक्षा चतुष्पाद प्राण्यांना कितीतरी जवळचा होता. (आपली मरळही पाण्यावर येऊन हवा घेते, पण ती अरपरी, म्हणजे बारीक काट्यांच्या आधाराचे पातळ पर असलेल्या, माशांपैकी असल्याने तिचे या कुळाशी जवळचे नाते नाही.) क्रेफ्ट यांनी त्याला सेराटोडसच म्हटले, पुढे तो निओसेराटोडस या वेगळ्या प्रजातीत गेला आणि सेराटोडोंटिडी हे नाव नामशेष माशांपुरते उरले.

हिस्लॉप यांना मात्र हे कळायचे नव्हते; १८६३ मध्येच नागपूरजवळ नदीच्या पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला होता.