जार पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवू नका

गाय व्याली की अजून पण सांगतात, जार (वासरामागून पडणारी वार) पडेपर्यंत वासराला चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पाजू नको, नाहीतर जार अडकतो. उलटं आहे ओ. वासरू आचळ ओढतं तेव्हा गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानं पान्हा फुटतो आणि गर्भाशय पण आवळतं, म्हणजे जार पडायला मदतच. आणि गर्भात असताना वासराला गाईकडून अँटीबॉडीज (रोगाशी लढणारी प्रथिनं) जवळपास मिळतच नाहीत, त्या चिकातून येतात आणि आतड्यातून रक्तात जायची त्यांची वाट साधारण २४ तासांत बंद होते, मग जाराची वाट बघत ८-१२ तास घालवले की झालंच नुकसान. पहिल्या तास-दोन तासांतच पाजा, दिवसभरात वजनाच्या १०%, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, थोडा थोडा करून. १२ तासांनी पण जार नाही पडला तर डॉक्टर बोलवा, ओढत बसू नका.